देय कर : शून्य

४ मार्च

छबे,

तीन वर्षांनी पत्र लिहितो आहे ते माया दाटून आली म्हणून नव्हे. तू माझा फोन उचलत नाहीस, आणि तुझा घड्याळजी नवरा उचलतो तो "ती कामात आहे" एवढंच बोलून ठेवून देतो. तेव्हा कागद खर्ची घालणं आलं.

परवा मला कर कार्यालयाची नोटीस आली. सव्वीस वर्षं मी लोकांच्या नोटिसांना उत्तरं लिहून पोट भरतो आहे; माझ्या स्वतःच्या नावाचा लिफाफा टेबलावर बघायची ही पहिलीच वेळ. ऑफिसातल्या टायपिस्टबाईंनी तो इतर टपालाच्या खाली सरकवला आणि दिवसभर माझ्याकडे बघायचं टाळलं. ही पाळी माझ्यावर तुमच्यामुळे आली.

भानगड साधी आहे, तुलाही कळेल. घरातलं म्हातारं माणूस जो सांभाळतो त्याला करात सवलत मिळते. एका म्हाताऱ्याची सवलत एकालाच. यंदापासून त्यांचा संगणक अशा आईवडिलांचे ओळख क्रमांक ताडून बघायला लागला आहे, आणि बाबांचा क्रमांक त्याला दोन ठिकाणी सापडला. एकदा माझ्या विवरणपत्रात, एकदा तुम्हा नवराबायकोच्या एकत्र विवरणपत्रात.

मी बाबांना दाखवतो यात वावगं काही नाही. थोरला मी आहे. बाबांचं अंग लुळं पडलं तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात आपलं ठरलं होतं, की राहतील ते तुझ्याकडे, आणि पैशांची, कागदपत्रांची बाजू माझ्याकडे. ही सवलत तुम्हीही घ्यावी ही दुर्बुद्धी तुम्हाला कोणी दिली? कोपऱ्यावर बसून फॉर्म भरून देणाऱ्या एखाद्या महाभागाने?

आणि घेऊन मिळवलंत काय? ओळखीच्या कारकुनाने तुमच्या विवरणपत्राची शेवटची ओळ मला वाचून दाखवली. देय कर : शून्य. मला हसू आलं. पन्नाशीला टेकलेली दोन धडधाकट माणसं, दोघंही कमावती, आणि वर्षाकाठी सरकारला देणार काय, तर भोपळा. आमच्या धंद्यात अशांना शून्यवाले म्हणतात. ते दोन प्रकारचे असतात. एक लबाड, तो माझी फी तरी वेळेवर देतो. दुसरा नालायक, तो फीसुद्धा बुडवतो. रस्ते, दिवे, दवाखाने मात्र दोघांनाही लागतात, आणि ते माझ्यासारख्यांच्या खिशातून होतात. तुम्ही कुठल्या प्रकारात बसता ते तुमचं तुम्ही बघा.

सोबत फॉर्म आहे. "वडिलांबाबतचा हक्क मागे घेत आहोत" हा मजकूर टाइप करून ठेवला आहे. पेन्सिलीने फुली मारली आहे तिथे दोघांनी सही करायची. तुमचं शून्य शून्यच राहील, मग सही करायला हात का जड व्हावा? आठ दिवसांत पाठव.

दादा


१९ मार्च

छबे,

लिफाफा मिळाला. फॉर्म कोरा परत. माझं पत्रही परत, आणि त्यावर लाल पेन्सिलीने माझ्या शुद्धलेखनाच्या चुका. छापखान्यात मुद्रितं तपासून तपासून तुझी ही खोड आता हाडात गेली आहे. "नालायक" या शब्दाखाली रेघ ओढून तू समासात प्रश्नचिन्ह काढलं आहेस. मजकूर नक्की असाच ठेवायचा का, असं तू लेखकाला विचारतेस ना, तसं. हो, असाच ठेवायचा.

खाली एकच ओळ: "दादा, आमचा कर शून्य का येतो ते एकदा बसून बघ." आणि तुमच्या विवरणपत्राची प्रत. मला हिशेब शिकवायला निघालीस.

बरं, बसून बघितलं. घड्याळजीचं वर्षाचं उत्पन्न शहाण्णव हजार. तुझं चौऱ्याऐंशी. दोघांचं मिळून एक लाख ऐंशी. आता माझ्याकडची फाईल ऐक. चार वर्षांपूर्वीपर्यंत तुमचं विवरणपत्र मी भरून देत होतो, तेही फुकट, हे तू सोयीस्कर विसरली असशील. तेव्हा तुम्हा दोघांचं उत्पन्न होतं तीन लाख दहा हजार. कर भरत होतात सोळा हजार. चार वर्षांत सगळ्या जगाची कमाई वाढली आणि तुमची जवळजवळ निम्म्यावर आली? घड्याळजीचं बाजाराच्या रस्त्यावरचं दुकान मी बघितलेलं आहे. काउंटरवर गिऱ्हाईक हटत नसे. ती माणसं काय एकदम वेळ बघायची बंद झाली?

मला असली गणितं चेहऱ्यावरून कळतात. बिनपावतीचं काम, रोख पैसे, पुस्तकात निम्मी नोंद. असे शेकडो दुकानदार माझ्या खुर्चीसमोर बसून गेले आहेत. फरक इतकाच, की ते निदान खाली मान घालून बसायचे. तू मला लाल पेन्सिल दाखवतेस.

या आकड्यांकडे कर कार्यालयाचं लक्ष वेधायला मला एक पोस्टकार्ड पुरेल. तसं करायची माझी इच्छा नाही, तू बहीण आहेस. नवा फॉर्म सोबत आहे. या वेळी फुली शाईने केली आहे.

दादा


३ एप्रिल

छबे,

तू उत्तर दिलं नाहीस, म्हणून परवा दुपारी मी स्वतः तुमच्या दुकानाकडे गेलो. तुझ्या नवऱ्याला रंगेहाथ पकडावं एवढाच उद्देश होता, लपवत नाही.

दुकानाच्या जागी चपलांचं दुकान आहे. काचेमागे प्लास्टिकच्या सपाता टांगल्या आहेत. मला वाटलं, रस्ता चुकलो. शेजारचा शिंपी दारातच काज करत बसला होता, त्याला विचारलं. त्याने मला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, दुकान बंद करून तीन वर्षं झाली. सासरे अंथरुणाला खिळले. दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. बायको सकाळी छापखान्यात, मग यांनी दुकान सोडलं आणि सासऱ्यांच्या खाटेशेजारी टेबल टाकलं. जुनी गिऱ्हाइकं घरी येतात, तेवढंच. हातघड्याळांची कामं करतात, भिंतीवरची घेत नाहीत, कारण टोल्यांनी म्हाताऱ्याची झोप मोडते. एवढं सांगून शिंप्याने दोरा दाताने तोडला आणि मला विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?"

मी म्हणालो, कर सल्लागार.

घरी येऊन मी तुमचं विवरणपत्र पुन्हा काढलं, आणि या वेळी शेवटच्या ओळीपासून वर न जाता पहिल्या ओळीपासून खाली आलो. तू सांगितलं होतंस तसं, बसून. तू छापखान्यात निम्मी पाळी करतेस, म्हणून तुझा पगार निम्मा. त्याचं दुकान गेलं, म्हणून त्याची कमाई निम्मी. नवराबायकोला मिळून दीड लाखापर्यंत करच नाही. तुमचे वर राहिले तीस हजार. त्यातून बाबांना सांभाळण्याची सवलत चोवीस हजार, राहिले सहा. आणि बाबांच्या औषधोपचाराची वजावट अठरा हजारांपर्यंत. पावत्या तुम्ही छत्तीस हजारांच्या लावल्या आहेत, पण सरकार अठरापर्यंतच मान्य करतं. सहातून अठरा गेले की खाली काही उरत नाही. हे तुमचं शून्य. एक पैसा लपवलेला नाही. पाठीला लावायच्या मलमाची पावतीसुद्धा तारखेनुसार टाचलेली आहे.

म्हणजे लबाड तुम्ही नाही. मी शब्द मागे घेतो. पण मग जे उरतं ते जास्त वाईट आहे, छबे. लबाड असतात तर निदान डोकं चालवलंत असं म्हटलं असतं. चालू दुकान बंद करून म्हाताऱ्याच्या उशाशी चिमटा आणि भिंग घेऊन बसणं, याला काय म्हणायचं? पगारी माणूस ठेवता येत होता. सोय असते अशी घरं असतात, तिथे ठेवता येत होतं. तुम्ही वर्षाला एक लाख तीस हजारांची कमाई सोडलीत आणि त्याबद्दल बेचाळीस हजारांच्या सवलती मिळवल्यात. माझ्या एखाद्या अशिलाने असा व्यवहार केला असता तर मी त्याला बाहेरचा रस्ता दाखवला असता.

आता मुद्द्यावर येतो. बाबांना तुमच्या विवरणपत्रातून काढलं तर तुमचे तीस हजार करपात्र होतात. दहा टक्क्यांनी वर्षाला तीन हजार, तीन वर्षांचे नऊ. बाबांना निम्म्या किमतीत औषधं मिळतात ते कार्डही तुमच्या विवरणपत्रावरच निघालं आहे, ते रद्द होईल. त्याचे वर्षाला दहा-बारा हजार धर. हे सगळं मी भरून देतो. रोख, दर सहा महिन्यांनी, कुठेही नोंद न करता. तुमचं नुकसान नाही, माझी नोटीस निकालात. फक्त सही हवी.

दादा


१५ एप्रिल

छबे,

"पैसे नकोत. विचारलं तर खरं ते सांगू." एवढं लिहायला तुला बारा दिवस लागले. खरं सांगण्याचा तोरा मिरवायला तुमच्याकडे दुसरं काही नाही, हे मी समजू शकतो.

चौकशीची तारीख आली आहे. बावीस तारखेला सकाळी अकराला कर कार्यालयाच्या अधिकारी बाई तुमच्या घरी येतील. मलाही हजर राहायला सांगितलं आहे. काय बोलायचं ते लिहितो, नीट वाच आणि लाल पेन्सिल लांब ठेव.

बाबा तुमच्याकडे राहतात हे लपवता येणार नाही, ते कोणी लपवतही नाही. पण खर्च मुख्यतः मी करतो असं म्हणायचं. मी पैसे पाठवत होतो, हे खोटं नाही. पहिले चार महिने पाठवले. पुढे तुझ्या वहिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं, मग नवीन ऑफिसचं आगाऊ भाडं, आणि नंतर मला वाटलं की तू मागशील. तू मागितले नाहीस. न मागणाऱ्याला माणूस विसरतो, यात माझाच तेवढा दोष आहे असं मला वाटत नाही.

तू म्हणशील, एवढ्यासाठी हा आटापिटा कशाला. माझ्या बाबतीत ही सवलत वर्षाला सात हजार दोनशेची. अशिलांना चहा पाजण्यात माझे याहून जास्त जातात. पहिल्या वर्षी फॉर्म भरताना "अवलंबून असलेले आईवडील" हा रकाना आला, मी बाबांचं नाव लिहिलं. हात थांबला नाही. मुलगा आहे, लिहिणारच. दुसऱ्या वर्षी गेल्या वर्षीचं बघून उतरवलं. तिसऱ्या वर्षी टायपिस्टबाईंनी न विचारता उतरवलं.

रकमेचं मला काही नाही. पण कर सल्लागाराने स्वतःच्या विवरणपत्रात खोटा हक्क दाखवला असं सिद्ध झालं तर त्याचा परवाना जातो. दारावरची पाटी उतरवावी लागते. सव्वीस वर्षं मी ज्यांना तुच्छ लेखलं ते सगळे त्या दारावरून जातील. तुझ्या घड्याळजीला दुकान सोडता आलं, कारण सोडण्यासारखं त्याच्याकडे फार नव्हतं. माझं तसं नाही.

एक गोष्ट बजावून सांगतो. बाबांना यात ओढू नकोस. त्यांना बोलता येत नाही, झोपलेले आहेत, असं सांग. बाबांनी चौतीस वर्षं वजनमाप खात्यात दुकानदारांची वजनं तपासली. काट्यात दोन गुंज फरक दिसला तर सख्ख्या मावसभावाचं दुकान त्यांनी सील केलं होतं, आठवतं ना. त्यांना कोणी काही विचारलं तर ते काय सांगतील ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही.

याला विनंती समजलीस तरी चालेल.

दादा


२३ एप्रिल

छबे,

काल अधिकारी बाई जिना उतरल्या आणि तू दारात मला म्हणालीस, "बाबांच्या तोंडात शब्द तू घातलेस. यापुढे या घरात पाऊल टाकू नकोस." तुझा नवरा तुझ्या मागे उभा होता. त्याने माझी बॅग माझ्या हातात दिली. तू ओरडलीही नाहीस. तुझ्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. अशिलांकडे मी ज्या नजरेने बघतो ती नजर मला चांगली ओळखू येते.

मी शब्द घातले नाहीत. तुझा विश्वास बसो न बसो.

निकाल माझ्या बाजूने होईल. बाईंनी बाबांच्या जबाबाची नोंद तशीच केली आहे, आणि चौकशीत म्हाताऱ्याचा शब्द पावत्यांच्या वर धरतात. तुम्हाला नऊ हजारांची मागणी येईल. हप्ते मागता येतात, अर्ज कसा करायचा ते मी लिहून पाठवीन.

वहिनी म्हणाली, सुटलात एकदाचे. मी हो म्हणालो आणि ताट तसंच सरकवलं.

दादा


१२ मे

छबे,

काय लिहायचं आणि काय नाही यात वीस दिवस गेले. तू आत नव्हतीस, म्हणून आत काय झालं ते आधी सांगतो.

अधिकारी बाईंनी तुम्हा दोघांना स्वयंपाकघरात बसायला सांगितलं तेव्हा मलाही बाहेरच काढत होत्या. बाबांनी डावा हात उचलून मला थांबवलं. बाई म्हणाल्या, ठीक आहे, त्यांचं बोलणं मला समजलं नाही तर तुम्ही सांगा.

मी बाबांना तीन वर्षांनी बघत होतो. खोलीला औषधाचा वास येईल असं वाटलं होतं, तो आला नाही. चादर ताठ होती, नखं कापलेली होती. खाटेला लागून ते टेबल, त्यावर बशीत सोडवून ठेवलेलं कोणाचं तरी घड्याळ, बारके स्क्रू ओळीने मांडलेले. एवढ्याशा जागेत दोन माणसं तीन वर्षं कशी वावरली असतील, याचा मी विचार करत होतो. नको त्या वेळी माणूस नको ते बघत बसतो.

बाईंनी विचारलं, तुमचा खर्च कोण करतं? बाबांनी एक शब्द उच्चारला. त्यांच्या ओठांची उजवी बाजू हलत नाही, शब्दाचं शेपूट आतच राहतं. बाईंनी विचारलं, औषधपाणी कोण बघतं? पुन्हा तोच शब्द. बाई माझ्याकडे वळल्या.

"मुलगा म्हणाले की मुलगी? मला फरक कळत नाही."

मला कळला होता, छबे. ते "मुलगा" म्हणाले होते. दोन्ही वेळा. आणि म्हणताना बाईंकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. चौतीस वर्षांत ज्या माणसाने कोणाचं एक खोटं वजन चालू दिलं नाही, त्याने माझ्यासाठी ते तुझ्या घरात, तुझ्या चादरीवर पडून चालवलं.

मी म्हणालो, "मुलगा." तेवढंच माझं. घातलेला शब्द नव्हता, पण खोडायचा शब्द होता, तो मी खोडला नाही.

बाई लिहून घेऊन तो जबाब तुम्हाला सांगायला बाहेर गेल्या. मी बाबांच्या जवळ वाकलो. मला वाटलं, आभार मानावेत. वाटलं, थोरला म्हणून त्यांच्या मनात माझं अजून काही वजन आहे. त्यांनी माझी बाही धरली आणि एकेक शब्द जुळवत बोलले. मला दोनदा विचारावं लागलं तेव्हा नीट कळलं.

"ती सोसेल. तुला नाही झेपायचं."

मी बाहेर आलो, तू जे बोललीस ते ऐकलं, आणि जिना उतरलो.

बाबांनी मला वाचवलं असं मी पहिले दोन दिवस स्वतःला सांगत होतो. वाचवलं नाही, तोललं. दुकानदाराच्या मापात खोट असते तशी पोटच्या पोरात निघाली, तेव्हा त्यांनी ती गुपचूप झाकली आणि उरलेला भार तुझ्या पारड्यात टाकला, कारण तुझं पारडं तुटत नाही हे त्यांना माहीत आहे. आयुष्यभर मी लोकांना कमी लेखत आलो. मला कोणी इतकं बरोबर लेखलं नव्हतं.

गेल्या सोमवारी मी कर कार्यालयात गेलो. त्याच बाई होत्या. मी म्हणालो, मला जबाब बदलायचा आहे. वडील माझ्याकडे एक दिवसही राहिले नाहीत. चार महिने सोडले तर त्यांच्यावर मी खर्च केला नाही. तिन्ही वर्षांची सवलत मी खोटी घेतली आहे. बाई लिहीत होत्या. मग पेन थांबवून त्यांनी विचारलं, "मग तुमचे वडील माझ्यासमोर खोटं बोलले?"

हा प्रश्न येणार हे मला धंद्यामुळे ठाऊक होतं. चौकशीत खोटं सांगणं हा त्यांचाही गुन्हा होतो, वय आणि आजार बघून सोडून देतील, पण नोंद राहते. वजनमाप खात्यातल्या माणसाच्या नावावर तशी नोंद.

मी म्हणालो, "नाही. ते मुलगी म्हणाले होते. मी मुलगा सांगितलं."

बाईंनी मागचा जबाब काढून पुन्हा वाचला. त्यांनाही ते खरं वाटलं नसावं. मग त्यांनी तसंच लिहिलं आणि मी सही केली. म्हणजे तू दारात मला जे बोललीस तेच आता सरकारी कागदावर खरं आहे. बाबांच्या तोंडात शब्द मी घातले.

आता निकाल. माझा तिन्ही वर्षांचा कर, त्यावर तिप्पट दंड, आणि जबाबात फेरफार केल्याबद्दल परवाना तीन वर्षांसाठी रद्द. पाटी काल उतरवली. टायपिस्टबाईंना तीन महिन्यांचा पगार देऊन निरोप दिला. त्यांनी माझ्याकडे नीट बघून नमस्कार केला. वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलत नाही, ते रास्तच आहे. तुमचं विवरणपत्र जसंच्या तसं मान्य झालं, त्याची प्रत सोबत जोडली आहे. औषधाचं कार्ड चालू राहील. छत्तीस हजारांपैकी अठराच का मान्य करतात यावर अर्ज करता येतो. तो मी लिहून ठेवला आहे. परवाना नसला तरी भावाला बहिणीचा अर्ज लिहायला कायद्याची आडकाठी नाही.

बाबा खरं काय म्हणाले हे तुला सांगावं की नाही, यातच हे सगळे दिवस गेले. न सांगितलं असतं तर तुझ्या मनात बाबा स्वच्छ राहिले असते आणि मी होतो तिथेच. ते मला परवडलंही असतं. पण तीन वर्षं तुम्ही दोघांनी त्यांच्यासाठी काय सोडलंत हे मी ओळीओळीने वाचलं आहे, आणि त्या माणसाने तुझं नाव घ्यायच्या वेळी माझं घेतलं. हे तुझ्यापासून लपवणं म्हणजे पुन्हा तुझ्या हक्काचं काहीतरी मी माझ्या रकान्यात लिहिण्यासारखं झालं असतं. तू सोसशील, असं तेच म्हणाले. बाबांना मात्र मी जबाब बदलल्याचं कळू देऊ नकोस.

तुझ्या नवऱ्याबद्दल एवढंच, की मला ते अजूनही व्यवहारशून्य वाटतात. दुकान सोडताना पागडी घेतली नाही असं ऐकलं. कोणी तरी सांगायला हवं होतं. सांगायला मी होतो, पण मी त्यांच्याशी कधी बोललोच नाही.

आता माझ्या सकाळी मोकळ्या आहेत. सोमवारी नऊ वाजता तुझ्या दारात उभा राहीन. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. उघडलंस तर त्यांना सुटे भाग आणायला बाजारात जाऊ दे, तू छापखान्यात जा, मी बाबांपाशी बसतो. कुशीवर कसं वळवायचं ते जायच्या आधी एकदा करून दाखव. मला जमेल असं खात्रीने सांगत नाही. माझ्याबद्दलचे बाबांचे अंदाज आजवर चुकलेले नाहीत.

दादा